हौसाबाईंचं वाण

"तुमची किडनी यांना चालणार नाही," डॉक्टर बर्वे म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मी आपला कॉलर ताठ करून बसलेलो. पुण्याच्या त्या दवाखान्यात महिनाभर माझा तोरा काही औरच होता. बायकोला किडनी देणारा नवरा म्हणून नर्सबाया मला लांबून एकमेकींना दाखवायच्या. कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर मी वाहतूक नियंत्रक, म्हणजे माइकवरून गाड्या पुकारणारा माणूस. आजवर माझ्याकडे कुणी वळून बघितलं असेल तर ते गाडीला उशीर का झाला म्हणून. त्यामुळे हे कौतुक मी अगदी मनसोक्त भोगत होतो.

"चालणार नाही म्हणजे काय?" मी म्हणालो. "रक्तगट एकच आहे. मला साखर नाही, बीपी नाही, तंबाखूसुद्धा नाही."

"तुम्ही ठणठणीत आहात. अडचण यांच्या रक्तात आहे." डॉक्टरांनी माझ्या बायकोकडे, शालनकडे पाहिलं. "दोन बाळंतपणं झाली ना तुमची?"

"हो. आधी मुलगी, मग मुलगा."

"पोटातलं मूल निम्मं बापाचं असतं. तेवढा भाग आईच्या शरीराला परका. शरीर नऊ महिने त्याला सांभाळतं, पण कधी कधी त्या परक्याची ओळख धरून ठेवतं आणि त्याच्याविरुद्ध रक्तात हत्यारं तयार करून ठेवतं. तुमच्या रक्तात ती फार आहेत. नवऱ्याची किडनी आत बसवली की तुमचं रक्त लगेच तिच्यावर तुटून पडेल. बायकांच्या बाबतीत ही अडचण नेहमीची आहे. पुरुषाला बायकोची किडनी बसवताना हे आडवं येत नाही, त्यानं कुठे मूल पोटात वाढवलेलं असतं?"

शालन माझ्याकडे बघून हसली. तोंडावर सूज होती, त्यामुळे हसली की तिचे डोळे पार मिटून जायचे.

"बघा," ती म्हणाली, "बावीस वर्षं मी गप्प बसले, पण रक्तानं सगळं लक्षात ठेवलं."

डॉक्टरसुद्धा हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. मला खरंच वाईट वाटलं. माझी किडनी घ्यायला ती एका शब्दात तयार झाली होती. "तुमच्यावर माझा हक्कच आहे, द्या," असं म्हणाली होती, आणि त्या एका वाक्यावर मी इतके दिवस तरंगत होतो.

शालन तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि वर्षभर डायलिसिस चालू होतं. हाताची जी शीर त्यासाठी तयार केली होती ती दोनदा बंद पडली होती. मानेत नळी घातली तर तिथून ताप चढायचा. दिवसाला मोजून पाणी. उन्हाळा होता, बाहेर हातगाड्यांवर आंबे लागले होते आणि तिला आंब्याची फोडसुद्धा बंद होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की असं फार दिवस ओढता येणार नाही.

"घरात दुसरं कोण आहे?" त्यांनी आता विचारलं.

"भाऊ आहे, पण त्याला साखर आहे," शालन म्हणाली. "आणि मुलांचं नाव काढलंत तर मी इथून उठून जाईन."

"आई आहे हिची," मी म्हणालो.

टेबलाखाली शालनची चप्पल माझ्या पायावर पडली.

"वय काय आईचं?"

"बहात्तर," शालन पटकन म्हणाली.

सासूबाई बहात्तरच्या नाहीत एवढं मला माहीत होतं. पण बायको डॉक्टरांशी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हेही मला माहीत होतं. डॉक्टरांनी मान हलवली. बहात्तर म्हणजे विषयच संपला. मी मात्र बाहेर आल्यावर चहाच्या निमित्तानं सटकलो आणि मेव्हण्याला, सर्जेरावला, फोन लावला. म्हटलं, सहज खुशाली सांगावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी हौसाबाई एसटीनं हजर.

माझ्या सासूबाई वाळव्याजवळच्या एका खेड्यात सर्जेरावकडे राहायच्या. बाई चणीनं एवढीशी, पण चालायला लागली की आपल्याला धाप लागायची. ऐन तिशीत नवरा गेला, आणि दुसऱ्यांच्या रानात भांगलण-खुरपणी करून त्यांनी दोन्ही पोरं वाढवली. आमच्याकडे जुन्या घरांत सासू जावयाशी तोंडावर बोलत नाही. बावीस वर्षांत त्या माझ्याशी एक वाक्य थेट बोलल्या नव्हत्या. मी समोर बसलेलो असलो तरी डोक्यावरचा पदर पुढे ओढून शालनला म्हणायच्या, "पाव्हण्यास्नी इचार गं, भाकरी वाढू का?" आणि मी शालनला म्हणायचो, "अर्धी वाढा म्हणावं." शालन दोघांच्या मध्ये बसून निवांत जेवायची.

दवाखान्यात पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी लेकीला झापलं.

"मला म्हातारी ठरीवतीस व्हय गं?"

मग आम्ही तिघं डॉक्टरांच्या समोर.

"आजी, वय किती तुमचं?"

"अठ्ठावन," हौसाबाई म्हणाल्या. "मतदानाच्या कार्डावर हाय."

"काल तुमची मुलगी बहात्तर म्हणाली."

"तिला काय ठावं? ती माझ्या मागनं जल्माला आली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बरं. तुम्हाला एखादी मोठी गोष्ट आठवते का? पूर, दुष्काळ, असं काही?"

"कोयनंचा भूकंप झाला न्हवं, तवा ही माझ्या पोटात हुती. पाटंचं घर हालाया लागलं. थोरल्याला काखंत मारलं आन् पळाले अंगणात. तीन वर्सांचं हुतं, पर लई जड हुतं ते बेणं."

डॉक्टर बोटांवर हिशेब करायला लागल्या. शालनच्या तोंडावर समाधान पसरलं.

"आजी, तुमचं अठ्ठावन्न धरलं तर थोरला मुलगा झाला तेव्हा तुम्ही बारा वर्षांच्या होता."

"आमच्यात लगनं लवकरच करत्यात," हौसाबाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाल्या.

डॉक्टर बर्वे इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली. "पासष्ट धरूया," त्या म्हणाल्या. "बहात्तरही नाही आणि अठ्ठावन्नही नाही. आणि आजी, किडनीला कार्ड दाखवून फसवता येत नाही हं. तिचं खरं वय तपासणीत कळतं."

"मग तपासा की," हौसाबाई म्हणाल्या. "कार्ड मागिटलं कुणी?"

तपासण्या झाल्या. रक्त झालं, लघवी झाली, छाती झाली, सगळं झालं. भांगलणीवर वाढलेल्या त्या शरीरात काही म्हणता काही खोट निघेना. शालनच्या रक्ताचं माझ्याशी वैर होतं, पण आईशी नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा सगळ्यांना बसवून स्वच्छ सांगितलं.

"किडनी चांगली आहे. पण वयाची आहे, हे मी लपवणार नाही. पंचविशीतल्या माणसाची असती तर वीस वर्षांची आशा धरली असती. ही आठ वर्षं चालेल, दहा चालेल. जास्तही चालेल, कमीही चालेल. पण डायलिसिसवर ह्यांना तेवढीसुद्धा मिळणार नाहीत."

"आठ-धा म्हंजी काय थोडी हायती?" हौसाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, कारण मी समोर होतो. "तेवढ्यात नातीचं लगीन हुतंय. नातू मार्गी लागतुय."

"आठ वर्षांसाठी मी तुला फाडून घेऊ?" शालन म्हणाली. "मला नको. मी सही करणार नाही."

डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. ती ऐकेना. पेशंटच्या सहीशिवाय डॉक्टर पुढे पाऊल टाकणार नव्हत्या. निघताना त्यांनी मला दारात थांबवलं.

"रोज बघते मी हे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे देणाऱ्या बहुतेक बायका असतात. आई, बायको, बहीण. घेणारे बहुतेक पुरुष. पुरुषही आधी नको नको म्हणतो, पण शेवटी घेतो. बाईला कुणी द्यायला निघालं तर आधी घरचे ढकलतात, आणि घरचे तयार झाले तर ती स्वतःच ढकलते. अशा बायकांच्या खाटा माझ्यासमोर रिकाम्या झाल्यात. तुम्ही तिच्याशी बोला."

बोला म्हणे! बायकोनं मनात धरलेलं बदलायची विद्या मला येत असती तर मी स्टँडवर गाड्या पुकारत बसलो असतो का?

दवाखान्याजवळ एका चाळीत आम्ही खोली घेतली होती. तिथे मायलेकींचं रोज जुंपायचं. मी कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसायचो.

"बाबा गेल्यावर तू लोकांच्या रानात राबलीस," शालन म्हणायची. "मला शाळेत घातलंस. लग्न लावून दिलंस. दोन्ही बाळंतपणं केलीस. अजून किती घेऊ तुझ्याकडनं?"

"मागाय कोण आलंय? म्या देतुय."

"नको म्हटलं की नको."

"ल्हानपणीबी अशीच हुतीस. दुधाची वाटी पुढं केली की मान फिरवायचीस."

"मग काय करायचीस?"

"नाक दाबायची."

शालन हसायची, आणि मग पाठ फिरवून झोपायची. तिची पाठ रोज थोडी रोड होत चालली होती. एका दुपारी डायलिसिस करून आल्यावर ती पायरीवरच बसली. वर चढवेना. मी तिला उचलली तर ती मला सहज उचलता आली. आमच्या लग्नात पोरांनी आग्रह केला म्हणून तिला उचलायला गेलो होतो तेव्हा माझी कंबर धरली होती आणि सगळ्या मांडवात हशा पिकला होता. त्या दिवशी तिला उचलून जिना चढताना मला रडायला आलं. दारात हौसाबाई उभ्या होत्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि पदर पुढे ओढून आत गेल्या.

त्याच संध्याकाळी त्या शालनला म्हणाल्या, "पाव्हण्यास्नी सांग, परवाच्या दिशी दुपारचं जेवाण आमच्याकडं."

"आमच्याकडं म्हणजे कुठं, आई? आपण सगळी एकाच खोलीत आहोत."

"असंना का. धोंड्याचा म्हैना लागलाय. जावयाला बोलीवल्याबिगर म्हैना कसा जाऊ द्यायचा?"

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. तीन वर्षांनी एकदा येतो. जावई म्हणजे त्या महिन्यात साक्षात नारायण. त्याला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहेतीस अनारशांचं वाण, दिवा ठेवून, तांब्याच्या ताटातून द्यायचं. सासरे गेल्यापासून आमच्याकडे ते वाण सर्जेराव द्यायचा. विधवा बाईनं वाण द्यायचं नाही, म्हणून हौसाबाई आतल्या दारातून नुसत्या बघायच्या. मला खरं सांगायचं तर तो सगळा प्रकार फार आवडायचा. वर्षानुवर्षं घरात मला कुणी विचारत नसलं तरी धोंड्याच्या दिवशी मी नारायण असायचो.

ठरल्या दिवशी सर्जेराव गावाहून अनारसे, ताट आणि पितळी निरांजन घेऊन आला. हौसाबाईंनी सकाळपासून स्टोव्हवर पुरण घातलं होतं. शालन खाटेवर उशीला टेकून बसली होती. तिला त्यातलं काहीच खायचं नव्हतं. पण आईनं तिला वास यावा म्हणून खाट स्टोव्हच्या बाजूला ओढून घेतली होती. मी पाटावर बसलो. पोटभर जेवलो. गोडाला मी कधी नाही म्हणत नाही, आणि नाही म्हणालो असतो तरी त्या दिवशी कुणी ऐकलं नसतं.

जेवण झालं. सर्जेराव ताट उचलायला वाकला.

"आण हिकडं," हौसाबाई म्हणाल्या.

"आई, तू?"

"व्हय, म्या. द्यायचं माझं हाय, तुझं न्हाई."

सर्जेराव तसाच वाकलेला राहिला. हौसाबाईंनी त्याच्या हातातून ताट घेतलं आणि त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. त्यांनी माझ्याकडे थेट बघितलं. सासूबाईंचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "दर धोंड्याला अनारसं दिलं. तुमी खाल्लं, सपलं. औंदा ह्या ताटात अनारसं हायती, दिवा हाय, आन् माझी डाव्या अंगाची किडनी हाय. हे वाण म्या तुमास्नी देतुय."

"अहो, घेऊ नका!" शालन खाटेवरून ओरडली.

"तू गप गं," हौसाबाई मान न वळवता म्हणाल्या. "ह्यात तुझा काय संबंध? वाण सासूनं जावयाला द्यायचं असतंय. लेकीला न्हाई देत."

"हा काय चावटपणा आहे? अहो, तुम्ही घेणार नाही. हात मागे घ्या!"

माझे हात अजून मांडीवरच होते. पाटावर बसलेल्या जावयानं वाण नाकारलं, असं आमच्याकडे मी कधी ऐकलं नव्हतं. पण हे वाण नुसत्या अनारशांचं नव्हतं. समोर पासष्ट वर्षांची बाई. तिला उद्या टेबलावर झोपवणार आणि तिच्या कुशीत चीर देणार. काही वाईट झालं तर घेणारा मी. सर्जेरावची आई घेणारा मी, शालनची आई घेणारा मी. आणि नाही घेतलं तर समोरच्या खाटेवर शालन होती, आणि ती सहज उचलता येत होती.

मी दोन्ही हात पुढे केले.

"घेतलं," मी म्हणालो. स्टँडवर सात गाड्यांच्या गलक्यात माझा आवाज पोचतो. त्या दिवशी तो माझा मलाच नीट ऐकू आला नाही.

हौसाबाईंनी माझ्या हातावर पळीभर पाणी सोडलं. ताट माझ्या हातात दिलं. मग त्यांनी जावयाला करतात तसा वाकून नमस्कार केला आणि उठल्या.

"झालं. आता ती तुमची. बायकूला द्या, न्हाईतर इष्टीत इसरून या."

सर्जेराव हसायला लागला आणि हसता हसता भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. मी ताट घेऊन खाटेपाशी गेलो.

"माझी किडनी तू घेणार होतीस," मी शालनला म्हणालो.

"ती तुमची होती."

"ही पण माझीच आहे. आत्ता भावासमोर मिळाली, तू बघितलंस. माझ्यावर तुझा हक्क आहे म्हणाली होतीस ना?"

शालननं ताटाकडे बघितलं. मग तिनं आईकडे बघितलं.

"लबाड आहेस तू, आई."

"आता तुझं नाक दाबाया माझं हात पुरंना झालं. म्हून पाव्हण्यास्नी मधी घातलं."

तेव्हा कुठे शालन रडली. वर्षभरात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आईनं तिला कुशीत घेतलं, आणि बेचाळीस वर्षांची माझी बायको, जिच्यापुढे डेपो मॅनेजरची बोलती बंद व्हायची, ती लहान पोरीसारखी हुंदके देत म्हणाली, "मला जगायचंय गं, आई. लई जगायचंय. पण तुझ्या जिवावर नको वाटतं."

"माझ्याच जिवावर जगलीस न्हवं आजपातूर?" हौसाबाई म्हणाल्या. "आता कशाला लाजतीस?"

दुसऱ्या दिवशी शालननं सही केली. सर्जेरावला तरीही एक शंका होतीच. धोंड्याच्या महिन्यात शुभ काम करत नाहीत, ऑपरेशन कसं करायचं? हौसाबाईंनी त्याला एका वाक्यात गप्प केलं. "धोंड्यात लगीन करत न्हाईत. दान करत्यात."

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि सर्जेराव बाहेर बाकावर बसून होतो. आधी हौसाबाईंना बाहेर आणलं, मग खूप वेळानं शालनला. मला काचेतून बघू दिलं. तिच्या खाटेखाली पिशवी टांगलेली होती आणि त्या पिशवीत पिवळं पाणी थेंबाथेंबानं पडत होतं. वर्षभर जिला लघवी अशी झालीच नव्हती त्या माझ्या बायकोला लघवी होत होती. लोकांनी गंगा बघितली असेल, मी ते बघितलं.

हौसाबाई पलीकडच्या खोलीत होत्या. अजून गुंगीत होत्या, पण डोळे किलकिले करून ओठ हलवत होत्या. नर्स म्हणाली, त्या सारखं काहीतरी विचारतायत. मी कान जवळ नेला.

"झाली का?" त्या विचारत होत्या.

"झाली!" मी म्हणालो. आता मात्र आवाज माझ्या ताब्यात राहिला नाही. "सासूबाई, झाली! सुटली गाडी! वेळेवर सुटली!"

तीन खोल्यांमधली माणसं बाहेर आली. नर्सनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. डॉक्टर बर्वे मला रागावल्या, पण रागावताना त्यांचा चेहरा काही रागावलेला दिसत नव्हता.

त्याला आता सोळा वर्षं झाली.

हौसाबाई त्यानंतर बारा वर्षं जगल्या. एका किडनीवर शेतात गेल्या, लग्नं केली, बारशी केली, सर्जेरावच्या सुनेला स्वयंपाक शिकवला. वाण दिल्यापासून माझ्याशी थेट बोलायला लागल्या होत्या. फोन केला की शालनची चौकशी करायच्या नाहीत. म्हणायच्या, "पाव्हणं, माझी बरी हाय न्हवं? पानी घालताय न्हवं तिला?" मी म्हणायचो, "तिची बडदास्त ठेवतोय. माझ्यापेक्षा जास्त." शालन शेजारून म्हणायची, "खोटं बोलतात गं, आई." आणि मग दोघी तासभर बोलायच्या. मुलीचं लग्न झालं, मुलगा नोकरीला लागला. आठ वर्षं गेली, दहा गेली. दर तपासणीला डॉक्टर बर्वे आकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आजींनी वय अजून लपवलेलंच दिसतंय."

मग एका थंडीत हौसाबाई दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. सत्याहत्तर वर्षांच्या होत्या. शालनला गर्दीत आणि धुरात जायची मनाई होती, संसर्गाच्या भीतीनं. तरी ती गेली. आईच्या उशाशी बसली होती, आणि तिचा एक हात सारखा स्वतःच्या पोटावर होता. सोबतच्या बायकांना वाटलं, पोट दुखतंय.

गेल्या महिन्यात सर्जेरावचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "दाजी, आई असती तर औंदा एक्याऐंशीची झाली असती. सहस्रचंद्र केला असता तिचा. मांडव घालून. लई इच्छा होती माझी."

एक्याऐंशी वर्षांच्या माणसानं हजार पौर्णिमा बघितलेल्या असतात, म्हणून घरची माणसं त्याला पाटावर बसवून दिव्यांनी ओवाळतात. त्यालाच सहस्रचंद्र म्हणतात. मी शालनला निरोप सांगितला. ती भाजी निवडत होती.

"असती तर म्हणजे?" ती म्हणाली. "सगळी कुठं गेलीय ती? दादाला सांगा, मांडव घाल म्हणावं."

मी आधी हसलो. मग तिचं तोंड बघून हसायचा थांबलो आणि सर्जेरावला फोन लावला. त्यानं ऐकून दोनदा नाक ओढलं. मग म्हणाला, "या. सगळी या."

आम्ही गेलो. अंगणात मांडव होता. नातवंडं, पतवंडं, भाऊबंद, सगळी जमली होती. पाटाभोवती रांगोळी काढली होती आणि पाटावर शालन बसली, नवं लुगडं नेसून. गावातल्या चार म्हाताऱ्या आपापसात कुजबुजत होत्या की असलं काही आम्ही जन्मात बघितलं नाही. सर्जेरावच्या बायकोनं दिव्यांचं ताट उचललं आणि ती शालनच्या तोंडासमोर ओवाळायला लागली.

"वैनी, ताट खाली घ्या," शालन म्हणाली. "मी अजून साठीचीसुद्धा नाही. एक्याऐंशीची आहे ती इथं आहे."

तिनं पोटाच्या उजव्या बाजूला, खाली हात ठेवला. बसवलेली किडनी पाठीत नसते, तिथे पुढे असते. वैनीनं एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग गुडघ्यांवर बसली आणि ताट खाली घेऊन तिथे ओवाळलं. त्या म्हाताऱ्यांची कुजबुज थांबली. आमच्या मुलीनं ओवाळलं, मग नातसुनांनी.

सगळ्यांचं झाल्यावर सर्जेराव पुढे आला. साखरेनं त्याचे पाय आता दुखतात. चालायला काठी लागते. त्यानं काठी माझ्या हातात दिली, खांबाला धरत धरत कसाबसा खाली बसला आणि बहिणीसमोर डोकं टेकायला वाकला.

शालननं घाईघाईनं त्याचे खांदे धरले. "दादा, काय करतोस? मी धाकटी आहे तुझ्याहून!"

"तू गप बस गं," सर्जेराव म्हणाला. "तुझ्या कोण पाया पडतंय? म्या आईच्या पडतुय."